स्लो पकडत नाही

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या फाटकासमोर मोटारसायकलवर बसून सारखा ॲक्सिलरेटर पिळणारा एक तरुण असतो. तो मस्तीने रेस देतो, अशी गावाची पक्की समजूत आहे. वडीलधारे त्याच्या संस्कारांवर घसरतात, शेजारी त्याच्या बापाच्या पैशावर. खरं तर तो बिचारा नाइलाजाने रेस देतो, कारण मूठ सोडली की गाडी बंद पडते. त्याची गाडी ‘स्लो पकडत नाही’. कंपनीतून निघाली तेव्हा हीच ९७.२ सीसीची स्प्लेंडर मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर, कुणी हात लावो न लावो, गुमान उभी राहायची. मग फिल्टरचा डबा गेला, सायलेन्सरची जाळी गेली, बोअर वाढला आणि कुठल्याशा थोरल्या गाडीचा कार्बोरेटर येऊन बसला. आता तेच इंजिन कधी मरायला टेकतं, कधी उगाच भडकतं, मध्येच फटाका सोडतं. हे एवढंच असतं तर त्याच्यावर लिहायचं कारण नव्हतं. बिघडलेल्या गाड्या सगळीकडेच आहेत. या माणसाचं वैशिष्ट्य त्याच्या संशयाच्या क्रमात आहे. गाडीत जे सगळ्यात शेवटी बदललं, त्यावर त्याचा संशय सगळ्यात शेवटी जातो, आणि बहुधा जातच नाही.

त्याचा पहिला आरोपी पेट्रोल. “गाडी झकास आहे गा भाऊ, पेट्रोलमधीच एथेनॉल घालून ठेवलं सरकारनं.” हा आरोप अगदी हवेतला नाही, हे कबूल केलं पाहिजे. पेट्रोलमध्ये २० टक्के एथेनॉल आलं की त्याच जेटमधून जाणारं मिश्रण थोडं पातळ पडतं, आणि आधीच काठावर असलेल्या इंजिनाला तेवढं निमित्त पुरतं. पण त्याच पंपावरचं, त्याच पाइपातलं पेट्रोल त्याच्या बापाच्या गाडीत पडतं आणि ती गाडी बाजारात उभी राहून शांतपणे गुरगुरत असते. तिच्यात कुणी काही सुधारणा केलेली नसते, हाच काय तो फरक. दुसरा आरोपी ऊन. हा ब्रह्मपुरीत खपण्यासारखा आहे. मे महिन्यात हवामान खात्याच्या यादीत गावाचं नाव वरच्या ओळींत असतं आणि पारा ४५ च्या पुढे गेल्याचं इथे कुणाला नवल नसतं. मात्र तापलेली हवा विरळ होते, २० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ८ टक्क्यांनी हलकी भरते, म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण उलट घट्ट व्हायला पाहिजे आणि प्लग काळा निघायला पाहिजे. याचा प्लग निघतो पांढराफटक! एक आरोपी मिश्रण पातळ करतो, दुसरा घट्ट करतो, आणि भाऊ दोघांनाही एकाच गुन्ह्यात आत टाकायला निघालेला असतो. शिवाय दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की हाच गडी रात्रभर नाटक पाहून पहाटे वडशाहून वैनगंगेच्या पुलावरून परततो. तेव्हा अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, आणि गाडी तरीही स्लो पकडत नाही. थंडीत उन्हाला कसं धरायचं? मग तो म्हणतो, थंडीनेच होते.

पांढरा प्लग काय सांगतो ते गावातला कुठलाही जुना मिस्त्री न विचारता सांगेल. इंजिन हवा जास्त ओढतंय आणि पेट्रोल कमी. थोरल्या कार्बोरेटरचा गळा मोठा; संथ चालीत त्यातून हवा इतकी रेंगाळत जाते की जेटमधून पेट्रोल उचलायला तिच्यात ओढच राहत नाही. त्यात हेड आणि कार्बोरेटर यांच्यामधलं रबर दुसऱ्याच गाडीचं, क्लिप आवळूनसुद्धा कडेला फट राहिलेली. मिस्त्री चालू गाडीच्या त्या सांध्यावर बाटलीतून साबणाचं पाणी सोडतो. क्षणभर फट बुजते, इंजिनाचा सूर झटकन बदलतो, आणि पाणी आत ओढलं गेलं की पुन्हा पहिल्यासारखा होतो. निदान झालं, खर्च शून्य. नेमका इथेच भाऊचा हिरमोड होतो. इतकी महागडी गाडी इतक्या फालतू कारणाने आजारी असावी, हे त्याला कमीपणाचं वाटतं. त्याला मोठा रोग हवा असतो, ज्याचा पार्ट नागपूरहून मागवावा लागेल.

म्हणून तो टायमिंगवर येतो. टायमिंगची गोडी अशी की ते दिसत नाही, आणि त्यावर कितीही बोलता येतं. गॅरेजसमोर चार जण वाकून कान लावतात, एक म्हणतो पुढे गेलंय, दुसरा म्हणतो मागे, आणि कॉइलची प्लेट कानाच्या भरवशावर फिरत राहते. या बाबतीत जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्याचा मान मोठा. त्या इंजिनात पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची आणि पिस्टन माथ्यावर पोचायला ०.८ मिलिमीटर बाकी असताना पॉइंट उघडायचा. हे बघायला मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटात धरतो, इंजिन हाताने हळूहळू फिरवतो आणि कागद अलगद ओढत राहतो. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. (तेंदूपानाचा एवढा मोठा मुलूख, पण इथे बिडीचं पान कामाचं नाही, फट बिघडते.) बुलेटवाल्या भाऊला मात्र हा कागद मंजूर नसतो. त्याला ‘धक... धक...’ असा लांबलेला ठोका हवा असतो, आणि टायमिंग मागे ओढल्याशिवाय तो मिळत नाही. मग इंजिन तापतं, सायलेन्सरचं तोंड निळं पडतं, चढावर गाडी मान टाकते. तेव्हा तो इंजिन ऑइलची कंपनी बदलतो. स्प्लेंडरवाल्याची गोष्ट निराळी. बोअर वाढवताना ज्याने हेड उघडलं, त्याने टायमिंग चेन एक दात चुकवून बसवली असेल तर प्लेट कितीही फिरवा, व्हॉल्व्ह चुकीच्या वेळीच उघडणार. चेनच्या गरारीवरची खूण आणि मॅग्नेटवरचा ‘टी’ जुळतात का, हे कव्हर काढून पाहायचं, एवढंच काम. पण ते हेड उघडणारा बहुधा भाऊ स्वतःच असतो.

आरएक्स १००वाल्यांचं दुखणं कायमचं. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ एवढाच काळ निघाली, त्यामुळे तिला घरात देवासारखं पुसतात आणि मग कानशीने तिचे पोर्ट खरवडतात. टू-स्ट्रोकचं टायमिंग सिलिंडरच्या भिंतीतच कोरलेलं. एक्झॉस्टचा पोर्ट वर घासला की वरच्या फेऱ्यांना पळ येतो आणि खालची चाल जाते. घासलेलं लोखंड परत चिकटत नाही.

आता भाऊची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. तो म्हणतो, पळायला हवी म्हणून गाडी बनवली, उभी राहायला नाही. रेसच्या गाड्या कुठे स्लो पकडतात? खरं आहे, शर्यतीच्या इंजिनाची संथ चाल खडबडीतच असते. पण शर्यतीच्या मैदानात समोरून धानाचे भारे लादलेली बैलबंडी येत नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी वाघ दिसला की शहाणा माणूस मूठ सोडतो. याची गाडी तेवढ्यात बंद पडते, आणि मग किक शोधायची. दुसरा मुद्दा त्याचा अधिक वजनदार आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये आजकाल कुणी ऐकत नाही, नुसते पार्ट बदलतात, हाताने शिकणारे आम्हीच उरलो. हेही बरंचसं खरं. ही पोरं कुठल्या शाळेत न जाता इंजिन खोलतात आणि बसवतात, ती विद्या हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण हाताने शिकणाऱ्याचा पहिला धडा एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि चालवून पाहायची, हा असतो. भाऊ एका रविवारी पाच वस्तू बदलतो आणि सोमवारी कारण शोधतो. एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत तर कारण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून स्वतःच हाक मारतं. त्या दिव्यावर त्याने स्टिकर लावलेला असतो.

कायद्याला मात्र क्रम नीट कळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. म्हणून कधीतरी गाडी ठाण्यात जाऊन बसते, आणि सुटून आली की तिला कंपनीचा सायलेन्सर, कंपनीचा फिल्टर, अडगळीतून काढलेला जुना कार्बोरेटर असं सगळं मूळचं निमूटपणे बसवावं लागतं. किक मारताच गाडी स्लो पकडते, चौदाशेवर, मूठ न धरता. भाऊ बराच वेळ ऐकत राहतो, मान डोलावतो, आणि जमलेल्यांना कारण समजावून सांगतो. आठ दिवस ठाण्यात उभी होती न, इंजिनाले आराम भेटला.