दावा मिळकतीस अनावृत पत्र

प्रति,
मौजे माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे येथील वडिलोपार्जित, हिस्से न पडलेली शेतजमीन यांस

स. न. वि. वि.

सदर मिळकतीस कळविण्यात येते की तिच्या वाटपाचा दावा दाखल झाला असून, ज्या कज्ज्यात पानोपानी तिचेच वर्णन येणार आहे त्यात ती स्वतः पक्षकार नाही. दावा आणणारा तो वादी, ज्याच्यावर आणला तो प्रतिवादी, आणि दोघांच्या मध्ये जी निपचित पडून राहते तिला न्यायालयाच्या भाषेत 'दावा मिळकत' म्हणतात. वादपत्रात तिची ओळख गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा यांवरून पटविली जाते. त्यात पूर्वेस ओढा असे लिहिलेले असले आणि ओढ्याच्या जागी आता आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातली कुंपणभिंत दिसत असली, तरी मिळकतीने गोंधळून जाऊ नये, कारण जुन्या खरेदीखतावरून उतरवलेला ओढा कागदावर बारमाही वाहतो.

आपली किंमत कोटींत गेली म्हणून तिने हुरळूनही जाऊ नये. कोर्ट फीसाठी शेतजमिनीचे मूल्य सातबाऱ्यावरील आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ठरावीक पटीत धरले जाते. त्यामुळे जिच्या एका गुंठ्यासाठी एजंट ताटकळतात तीच जमीन कोर्टाच्या दारात भलतीच गरीब ठरते.

वादी बहुधा बहिणी असतील. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. भावांच्या मते याचा दुष्परिणाम एवढाच की हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणी ते वाचू लागल्या.

दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज येतो. फाइलीतल्या कागदांना पडणाऱ्या क्रमांकाला 'निशाणी' म्हणतात, आणि हा अर्ज प्रथेने पाचव्या क्रमांकावर बसत असल्यामुळे वकील त्याला नुसते 'निशाणी पाच' म्हणतात. त्यावर 'जैसे थे'चा आदेश झाला की पक्षकारांनी मिळकत विकायची नाही, खोदायची नाही. आदेश पक्षकारांना बांधतो, परिसराला बांधत नाही. म्हणून चहूबाजूंनी टॉवर उठतात, मेट्रोचा डेपो बसतो, आणि मधोमध ती तेवढी बाभळी, रानगवत व 'दावा प्रलंबित, व्यवहार करू नये' असा गंजका पत्रा अंगावर वागवीत जैसे थे राहते.

प्रतिवादीने लेखी कैफियत 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत द्यावी आणि सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी मिळू नयेत, असे दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 सांगते. पक्षकारांनी हे वाचल्याचा पुरावा फाइलीत सहसा सापडत नाही. दोन्ही बाजू ऐकून घेण्यासाठी आखलेल्या प्रक्रियेचा यात दोष थोडा, ती दमछाकीसाठी वापरणाऱ्या भाऊबंदांचा अधिक.

निकालाने लगेच बांध पडेल असेही मिळकतीने समजू नये. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो आणि त्यात कोणाचा किती हिस्सा एवढेच ठरते. साऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून ते तहसीलदार आणि भूमि अभिलेखचे मोजणीदार अशी पायरी उतरते, आणि त्याच वेळी अपिलाचे कागद वरच्या न्यायालयाची पायरी चढत असतात.

माणहून निघणारी सुमारे 23 किलोमीटरची मेट्रो मार्गिका शिवाजीनगरला न्यायालयापाशीच संपावी अशी आखली गेली, हा पक्षकारांसाठी शुभशकुन होय. मिळकतीला कोठे जायचे नाही. तिच्याकडे आलेच तर कोर्ट कमिशनर येतील, टेप धरतील, बाभळी मोजतील, स्थळपाहणीच्या टिपणावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतील. त्या दिवशी तिने पूर्वेचा ओढा तेवढा दाखविण्याची तजवीज करावी.

कळावे.