कोटणीसांची वाट, उलट्या दिशेने

१९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईत डॉक्टर होऊन चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करायला. आता मंगळवेढ्याच्या पोराने चीनला जायचं ते डॉक्टर व्हायला.

सोलापुरात १९६३पासून मेडिकल कॉलेज आहे, आता तर सरकारी; मंगळवेढ्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण नीटचे मार्क तिथवर पोचत नाहीत. चीन नाहीतर ताश्कंदपर्यंत मात्र आरामात पोचतात!

परत आल्यावर परवान्यासाठी ३०० मार्कांची परीक्षा, पास व्हायला १५०. शिवाय २०२१च्या नियमाने इंटर्नशिप दोनदा, बारा महिने तिकडे आणि बारा महिने इकडे. एकाच नवऱ्याला दोनदा हळद म्हणा ना.

खरी तोंडी परीक्षा पुढेच. समजा, ओपीडीत एक आजी येते. हंगाम सुगीच्या आधीचा, मालदांडी ज्वारीचा हुरडा जरा जास्तच झालेला. ‘‘डाक्टरा, पोटाला गुबारा धरलाय, अन् पायाला मुंग्या येत्यात.’’

सहा वर्षं इंग्रजी रोगलक्षणं घोकलेला पोरगा क्षणभर आजीच्या पायांकडे वाकून बघतो.

आजी नर्सला हळूच विचारते, ‘‘ह्यो कुठल्या गावचा गं?’’

‘‘आपल्याच. तुमच्या मागच्या गल्लीतला.’’