श्रवणसुखाचे अंदाजपत्रक

संगीताचा आनंद अमूल्य असतो, असे ज्या कोणी प्रथम म्हणून ठेवले, त्याच्यावर त्या आनंदाच्या साहित्याची दरपत्रके चाळण्याचा प्रसंग बहुधा आलेला नसावा. माझ्यावर तो सेवानिवृत्तीनंतर आला. इतरांच्या खर्चाच्या तजविजींवर ‘सकारण खुलासा व्हावा’ असा शेरा मारण्यात ज्याची उभी हयात गेली, त्या माझ्यासारख्या इसमाने घरी बसून शांतपणे ख्याल ऐकता यावा एवढ्याच माफक हेतूने एक हेडफोन आणि जरूर पडल्यास एक अ‍ॅम्प्लिफायर खरेदी करण्याची दरखास्त गृहखात्याकडे गुदरली, तेव्हा ती तोंडी का होईना, पण त्याच शेऱ्यासह परत आली. यथावकाश खुलासा सादर झाला, त्यावर दोन उपप्रश्न निघाले, आणि अखेरीस हुकूम झाला : “दहा हजार. त्याच्या वर एक रुपया नाही. आणि काय ते दोन्ही त्यातच बसवा.”

खुलाशात मी जे लिहिले नाही ते येथे नमूद करतो. आमचे घर संगीतद्वेष्टे मुळीच नाही. उलट तेथे संगीताला प्रतिस्पर्धी फार आहेत. बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणीवरील सासवा सुनांविरुद्ध कट करीत असतात, आतल्या खोलीत कुकर असतो, आणि खाली रस्त्यावर भंगार गोळा करणाऱ्याचा टेम्पो ध्वनिमुद्रित आरोळी देत संथपणे जात असतो. आता विलंबित एकतालाचे एकेक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते; तेवढा वेळ श्वास रोखून आपण समेची वाट पाहावी, गायकाने अत्यंत अदबीने मुखड्याला हात घालावा, आणि सम यावी त्या नेमक्या क्षणी कुकरने शिट्टी करावी, तीही गायकाच्या षड्जाशी कसलाही संबंध नसलेल्या स्वरात, हे दुःख ज्याने भोगले आहे त्याला हेडफोन ही चैन आहे असे कोणी सांगू नये.

गंमत अशी की, या वस्तूचा जन्मच मुळी स्वयंपाकघरातला. अमेरिकेतील युटा प्रांतीच्या नथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने 1910 च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन घडवले आणि ते अमेरिकी आरमाराला विकले. त्या घरातील गृहिणीने त्या काळात स्वयंपाक कोठे केला, याविषयी इतिहासकार मौन पाळतात. पुढे 1958 साली मिल्वॉकीच्या जॉन कॉस यांनी खास संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढला, तोही एका रेकॉर्ड प्लेअरचा जोडजिन्नस म्हणून. लोकांनी प्लेअरकडे दुर्लक्ष केले आणि जोडजिन्नस उचलून नेला. 1968 साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी 414 हा पाठ उघडी असलेला हेडफोन बाजारात आणला, आणि तेव्हापासून या पंथात उघडी पाठ आणि बंद पाठ असे दोन संप्रदाय नांदत आहेत.

उघड्या पाठीच्या हेडफोनात गाणे मोकळे वाटते, गवई आपल्या मस्तकात न बसता समोर चार हातांवर बसल्याचा भास होतो, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या वाटेने आवाजाला मोकळीक मिळते त्याच वाटेने बाहेरची सृष्टीही आत येते. म्हणजे कुकर आलाच. रात्री दहानंतर, कुकर निजल्यावर ऐकावे म्हटले आणि एका परिचितांचा तसला हेडफोन घेऊन मी तोही प्रयोग करून पाहिला, तर अंधारात शेजारच्या खाटेवरून प्रश्न आला, “अहो, कोण बाई बारीक आवाजात रडतेय?” त्या एका प्रश्नाने एका थोर गायिकेचा मारवा आणि उघड्या पाठीचा संप्रदाय हे दोन्ही आमच्या घरातून हद्दपार झाले. दोन खोल्यांच्या संसारात पाठ बंदच हवी, हा पहिला ठराव अशा रीतीने एकमताने मंजूर झाला.

दुसरे कलम ओहमचे, म्हणजे हेडफोनच्या विद्युत विरोधाचे. माझा भाचा अभियंता आहे, आणि या विषयात त्याने आपल्या वेतनाचा मोठा हिस्सा व बुद्धीचा त्याहून मोठा हिस्सा गुंतवलेला आहे. तो म्हणाला, “मामा, अ‍ॅम्पशिवाय हेडफोन घेऊच नका, पैसे पाण्यात जातील.” मी त्याच्याकडून कोरा कागद व पेन्सिल मागवली आणि जुन्या सवयीप्रमाणे हिशेब मांडला. एका मिलिवॅटला 100 डेसिबल आवाज देणारा 32 ओहमचा हेडफोन घेतला. घरात माणूस ऐकतो साधारण 75 डेसिबलला, आणि तबल्याची एखादी जोरकस थाप त्याच्या वर 20 डेसिबल उडी मारते असे धरले, तरी त्या थापेला लागते एक-तृतीयांश मिलिवॅट, म्हणजे एक-दशांश व्होल्ट. मोबाइल, किंवा हेडफोन जोडण्यासाठी त्याला लावायची बोटाएवढी तार (डोंगल), सहज एक व्होल्टच्या आसपास देते. दहा पटींनी शिल्लक! मात्र तोच हेडफोन 300 ओहमचा असेल आणि मिलिवॅटला 90 डेसिबलच देत असेल, तर त्याच थापेसाठी पुरता एक व्होल्ट खर्ची पडतो आणि मोबाइलची ऐपत तेथेच संपते; अशा ठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर ही चैन नसून गरज होय. काही हेडफोनांचे ओहम अल्प असूनही भूक दांडगी असते. तेव्हा ओहम आणि मिलिवॅटमागचे डेसिबल, हे दोन्ही रकाने एकत्र वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये.

अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत शक्तीचे जे आकडे छापतात, त्यांचाही असाच छडा लावावा. 1000 मिलिवॅटच्या जागी 2000 मिलिवॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्याच्या पदरी शक्ती दुप्पट पडते, किंमतही बहुधा त्याच मार्गाने जाते, आणि कानाला मिळतात अवघे 3 डेसिबल. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. खरी चौकशी करायची ती वेगळ्याच कलमाची : अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत विरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहमच्या आतला चालतो. त्याहून अधिक असेल तर कित्येक हेडफोनांत स्वरांचा तोल ढळतो आणि खर्ज विनाकारण फुगतो. हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला मला तरी कोठे आढळला नाही.

इतकी पूर्वतयारी करून मी पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत प्रविष्ट झालो. ज्या दुकानात शिरलो तेथील तरुण विक्रेता मोठा उमदा होता. त्याने माझ्या कानांवर एक अजस्र वस्तू चढवली, चित्रपटातील एक गीत लावले आणि ओरडून म्हणाला, “काका, बेस बघा बेस! छाती हलली पाहिजे!” माझ्या छातीचे प्रकरण डॉक्टरांच्या अखत्यारीत आहे, दुकानदारांच्या नव्हे, असे त्याला नम्रपणे सांगून मी तानपुरा लावायची विनंती केली. “तानपुरा? म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीचा तो आवाज ना?” असे म्हणत त्याने मी दिलेला ख्याल सुरू केला आणि मला साह्य करावे या शुद्ध हेतूने अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात तो तानपुरा पुढे ढकलून दिला. तो परत मागे आणवण्यासाठी मला बरीच रदबदली करावी लागली.

वास्तविक हेडफोनच्या परीक्षेला तानपुऱ्यासारखा दुसरा परीक्षक नाही. पंचमाची तार, मग जोडाच्या दोन तारा आणि शेवटी खर्ज, हे चक्र डोळे मिटून ऐकावे. जवारी नीट काढलेली असली तर खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार हलकेच वर येतो. चांगल्या हेडफोनात तो गंधार आपोआप सापडतो. ज्यात खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो त्यात तो बुडून जातो आणि चार तारांचा मिळून एक गुंजारव तेवढा शिल्लक राहतो. त्यानंतर डग्ग्यावरची घसीट ऐकावी. तळहाताच्या दाबाने स्वर वर चढतो तो स्पष्ट चढताना ऐकू यावा, नुसता ‘धुम्म’ असा धक्का बसू नये. विक्रेत्याचे अजस्र यंत्र या दोन्ही परीक्षांत नापास झाले आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेले, ध्वनिमुद्रण करणारे लोक वापरतात तसले एक साधे, काळे, निरलंकार यंत्र उत्तीर्ण झाले. त्याच्याविषयी विक्रेत्याचे मत असे पडले, “घ्या काका, पण त्याला लूक नाही.” मलाही नाही, हे मी बोलून दाखवले नाही.

त्या अजस्र यंत्राच्या खोक्यावर ‘5 ते 40,000 हर्ट्झ’ असे सुवर्णाक्षरांत छापले होते. मनुष्याच्या कानाचा मुलूख 20 पासून 20,000 पर्यंत, तोही तारुण्यात. साठी उलटल्यावर 12,000 च्या पलीकडचा प्रदेश बहुतेकांच्या हातून निसटलेला असतो. मी मुख्यतः जे ऐकतो त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांत पाच-सहा हजारांच्या वर गाण्यापेक्षा खरखरच अधिक उरते. म्हणजे 40,000 पर्यंतचे सारे वतन वटवाघळांच्या वहिवाटीत जायचे आणि त्याचा सारा मात्र मी भरायचा, हा व्यवहार कोणत्याही लेखापरीक्षकास मान्य होण्यासारखा नव्हता.

भाच्याला अर्थातच हे काही पटले नाही. तेव्हा एका रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत रीतसर चौकशी समिती बसली. एका बाजूस त्याचा मोलाचा अ‍ॅम्प्लिफायर, दुसऱ्या बाजूस माझा मोबाइल व त्याची बोटाएवढी तार, आणि मध्ये मी आणलेला काळा हेडफोन. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाजही माणसाला अधिक सरस वाटतो, म्हणून भाच्याने स्वतःच मल्टिमीटरच्या दोन सुया लावून दोन्हीकडील व्होल्टेज तंतोतंत जुळवले. त्याचे डोळे पंच्याने बांधले, तारांची अदलाबदल करण्याचा मुखत्यार म्हणून मामीची नेमणूक झाली, आणि परीक्षा सुरू झाली. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला. “हा! हा बघा मामा. काय हवा आहे ह्यात! प्रत्येक वाद्य आपापल्या जागेवर. हा अ‍ॅम्प.”

“तो ह्यांचा मोबाइल आहे रे,” मामी म्हणाली.

क्षणभर खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग पंचा सोडीत भाच्याने खुलासा केला की, ही तार नवीन आहे, ती शे-दोनशे तास वाजवून मुरवावी लागते, तोवर तिच्यावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. मामीने विचारले, “तार आहे की कैरीचं लोणचं?” समितीचे कामकाज तेथेच तहकूब झाले. भाचा गुणी आहे. त्याच्याकडे 300 ओहमचा हेडफोन असल्यामुळे त्याचा अ‍ॅम्प्लिफायर सर्वस्वी न्याय्य आहे, हे मी लगोलग त्याला सांगून टाकले आणि चहा मागवला.

एक कलम मात्र असे आहे की, ज्याचा आकडा खोक्यावर छापता येत नाही : त्याचे नाव मस्तक. चष्मा असणाऱ्याने चष्मा लावूनच हेडफोन पाहावा. काडीमुळे कानाभोवतीच्या गादीत फट पडते, तिच्यातून बराचसा खर्ज निसटतो, आणि पाऊण तासाने कानशिलावर काडीचा वळ उठतो. गादी रेक्झिनची असेल तर मे महिन्यात घाम येतो आणि आपल्याकडील दोन-तीन पावसाळ्यांत तिचे काळे पापुद्रे कानाला, गालाला आणि पाहुण्यांशी बोलताना सदऱ्याच्या कॉलरलाही चिकटू लागतात. मखमलीची गादी निदान या बदलौकिकातून वाचवते, परंतु बंद पाठीच्या हेडफोनात तीच बसवली तर खर्ज थोडा उणावतो. म्हणून गादी सुटी मिळते की नाही, ही चौकशी खरेदीपूर्वी करावी, नंतर करू नये. वजन पाव किलोच्या आसपास असावे. दुकानातील दोन मिनिटांत सगळेच हेडफोन हलके वाटतात. खरी तक्रार मानेकडून द्रुत सुरू होण्याच्या सुमारास येते.

सबब अंतिम अंदाजपत्रक येणेप्रमाणे : हेडफोन, बंद पाठीचा, कमी ओहमचा, सुट्या गादीचा, रुपये 7,000. मोबाइलची बोटाएवढी तार, रुपये 1,000. गादीचा जादा जोड, रुपये 1,000. अ‍ॅम्प्लिफायर : निरंक. शिल्लक रुपये 1,000 मंजुरी देणाऱ्या खात्याकडे परत जमा केले. असे आमच्या घरात प्रथमच घडल्यामुळे ते खरे आहेत की काय, याची उजेडात धरून खात्री करून घेण्यात आली.

वाचकांपैकी ज्यांची ऐपत मोठी व घर प्रशस्त असेल, त्यांनी उघडी पाठ, 300 ओहम आणि शेजारी अ‍ॅम्प्लिफायर असा थाट खुशाल करावा. त्यात मला असूया नाही. पण ज्यांचे अंदाजपत्रक माझ्यासारखे असेल त्यांनी आधी हेडफोन निवडावा, त्याचे ओहम व डेसिबल वाचावेत, आणि त्यानेच मागितला तरच अ‍ॅम्प्लिफायर आणावा. आवाज मात्र बेताने ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला 80 डेसिबलपर्यंत आठवड्याला 40 तासांची मुभा देते, आणि सेवानिवृत्त मनुष्यासाठीसुद्धा ती पुरेशी आहे.