दोन मिनिटांची डर्बी आणि हुडकेश्वरची गच्ची

घोड्यांच्या शर्यतीची उघड्यावरची झोकदार पार्टी करावी तर कुठे, या प्रश्नाला इंग्रज अ‍ॅस्कट म्हणतो, अमेरिकन केंटकी म्हणतो आणि मुंबईकर महालक्ष्मी म्हणतो. माझं उत्तर दक्षिण नागपुरातलं हुडकेश्वर हे आहे आणि पुराव्यानिशी आहे. केंटकी डर्बी १८७५ पासून धावते आणि हल्ली ती मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. तिकडे संध्याकाळचे सात वाजायला आले की घोडे सुटतात. त्या वेळी हुडकेश्वरात रविवारची पहाट असते, साडेचारच्या आसपासची. मे महिन्यातल्या नागपुरात अंगावर चांगले कपडे घालून उघड्यावर बसावं असा वेळ चोवीस तासांत तेवढाच. दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत पाठ भाजून काढतो. पहाटे चारला तो निवतो, वाऱ्याची एखादी झुळूक येते आणि कूलरशिवाय माणूस माणसाशी नीट बोलू लागतो. अमेरिकेने शर्यतीची वेळ मानेवाडा चौकात विचारून ठरवली असती, तरी याहून चांगली निघाली नसती.

आता झोकाचं. डर्बीत घोडे सव्वा मैल, म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर धावतात. सेक्रेटेरियट या घोड्याने १९७३ मध्ये हे अंतर दोन मिनिटांच्या आत कापलं. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. म्हणजे शर्यत दोन मिनिटांची आणि बाकी सगळा कार्यक्रम टोप्या, पेयं नि गप्पा यांचा. अ‍ॅस्कटच्या शाही कक्षात बायकांच्या शिरोभूषणाचा तळ निदान दहा सेंटिमीटरचा लागतो. मे महिन्यात गाडीवरून निघालेली नागपूरकरीण डोक्या-चेहऱ्याला जो दुपट्टा गुंडाळते, त्याचा घेर मोजला तर तिला तिथे मानाची खुर्ची द्यावी लागेल. केंटकीत बर्बन, साखर, पुदिना आणि कुटलेला बर्फ मिळून मिंट ज्युलेप करतात. त्यातली बर्बन काढून कैरी घातली की पुदिन्याचं पन्हं झालं, आणि ते प्यायल्यावर घोडे एकाचे दोन दिसत नाहीत. जिन्यावरच्या खोलीची भिंत पांढरी असतेच, तिच्यावर प्रोजेक्टर सोडावा. तर्री-पोह्यांची वेळ तर रविवारी तशीही पहाटेनंतर लगेच सुरू होते.

पहिला आक्षेप शेजारच्या प्लॉटवरून येईल: ‘भाऊ, हे गोऱ्यांचे चोचले आपल्याले कायले पायजे?’ याला उत्तर असं की डर्बी सगळ्यांनीच उसनी आणली आहे. मूळ शर्यत इंग्लंडात एप्सम इथे १७८० मध्ये झाली. केंटकीवाल्यांनी ती पाहून आपली सुरू केली आणि महालक्ष्मीवर इंडियन डर्बी १९४३ पासून धावते. शिवाय विदर्भाला हे नवं कुठे आहे? अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. पटावर बैलांची जोडी सुटली की काही सेकंदांत धुरकरी पलीकडच्या टोकाला पोचलेला असतो, आणि त्या काही सेकंदांसाठी गावोगावचे लोक दिवसभर धूळ खात उभे राहतात. पूर्व विदर्भात शंकरपटाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे उतरतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. थोडी शर्यत आणि भरपूर पाहुणचार हे प्रमाण आपल्याला केंटकीकडून शिकायचं नाही. पहाटे चारला कोण उठेल, ही शंकाही इथेच मिटते. जो समाज नाटकासाठी रात्रभर जागतो, त्याला उठवावं लागत नाही; झोपू दिलं नाही की पुरतं.

दुसरा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शर्यतीत जनावराचे हाल होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्याच मे महिन्यात केंटकी डर्बीच्या मैदानावर लागोपाठ घोडे दगावल्याने तिकडेही प्रश्न उभा राहिला. तेव्हा पार्टीत चाबकाची, दुखापतीची चर्चा निघाली तर यजमानाने ती पन्ह्यात बुडवू नये. झोक करायचा तर आपल्या अंगावर करावा, जनावराच्या पाठीवर नको.

तिसरा आक्षेप विचारतो, मग इंडियन डर्बीच का पाहू नये? ती फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी, आणि हवाही छान. कबूल. पण फेब्रुवारी हा लग्नसराईचा महिना. आसपासच्या लॉनवर डीजे सुरू असताना समालोचन ऐकू येणार नाही. शिवाय रस्त्यावरून नवरदेवाची घोडी निघाली की पाहुणे पडद्यावरचे घोडे सोडून कठड्याला जाऊन लटकतील. जिवंत घोड्यापुढे प्रोजेक्टरचं काही चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. नागपुरात चारचं आमंत्रण म्हणजे पाच, आणि दोन मिनिटांच्या शर्यतीला तासभर उशीर परवडत नाही. पैशांची पैज तर गच्चीवर लावूच नये. १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून शाबूत आहे. या दोन्हींवर उपाय म्हणून वीसेक घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात आणि उशिरा आलेल्याने एकेक उचलावी. वेळेवर आलेल्यांनी शर्यत पाहावी, निकाल पोटात ठेवावा, विजेत्याची चिठ्ठी गुपचूप बाजूला काढावी आणि पाचला येणाऱ्यांना तीच शर्यत ताजी म्हणून पुन्हा दाखवावी. ज्याचा घोडा हरला, त्याने सगळ्यांचे तर्री-पोहे आणायचे. रेसकोर्सवर जिंकण्याची खात्री कोणाला देता येत नाही. हुडकेश्वरच्या गच्चीवर ती देता येते, आणि वक्तशीरपणाला नागपुरात बक्षीस मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.