दिवे लावण्याचं काम

वडखळ नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला जग एकच प्रश्न विचारतं, अलिबाग का गोवा? तिसरी दिशा या नाक्याला ठाऊक नाही. आमच्या भाच्याला मात्र ती सापडली. तो पीएचडी करतोय.

विषय आहे आगरी लग्नातले धवले आणि ते गाणाऱ्या धवलारणी. माझं नाक्यावर लोणची-पापडांचं दुकान. गिऱ्हाईक पोह्याच्या पापडाची घासाघीस करता करता विचारतं, "हा कोण पोरगा वही घेऊन बसलाय?" मी अभिमानाने सांगतो, "भाचा. पीएचडी चाललीय."

"विषय?"

"धवलारीण."

"का, काय झालं तिला?"

तिला काही झालेलं नाही, आणि अडचण तीच आहे. एखादा रोग झाला असता तर निधी मिळाला असता.

आमच्या नाक्यावर भाव नसलेली वस्तू नाही. मिरगुंडांना भाव आहे, ताडगोळ्यांना आहे, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळेला तर असा भाव आहे की मुंबईची बाई आधी माळेकडे बघते, मग नवऱ्याकडे. एक भाच्याचा माल तेवढा असा, की सगळे तोंडभरून म्हणतात, "वा! आपली संस्कृती जपली पाहिजे," आणि गाडी सुरू करतात. कुणी पाव किलोसुद्धा नेत नाही.

तसे पैसे आहेत, नाहीत असं नाही. नेट परीक्षेत वरच्या नंबरात आलात की यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, महिन्याला ३७,००० रुपये देते, दोन वर्षांनी ते ४२,००० होतात. वर वरखर्चाला कंटिंजन्सी. तिचा तक्ता भाच्याने मला दाखवला. पहिली दोन वर्षं विज्ञानवाल्याला वर्षाला १२,००० आणि कला शाखेवाल्याला १०,०००. पुढे विज्ञानाला २५,००० आणि कलेला २०,५००. मी म्हटलं, हे कसं? तो म्हणाला, "मामा, त्यांना काचेच्या नळ्या लागतात." आणि याला काय लागतं? पेणपासून खाडीपट्ट्यातल्या गावापर्यंत विक्रम रिक्षा लागते, आणि ती तर बोलूनचालून विज्ञानच आहे. पण तक्ता करणाऱ्याला वाटलं असावं की लोकसाहित्याचा अभ्यासक घरी खाटेवर पडून अभ्यास करतो आणि धवलारणी येऊन त्याला गाऊन दाखवतात.

तर नेट. भाचा १८ जून २०२४ ला पेपर देऊन आला. संध्याकाळी दुकानात बसून त्याने चहाबरोबर दोन वडे खाल्ले, म्हणजे पेपर बरा गेला होता. १९ तारखेला देशभरातली ती अख्खी परीक्षा रद्द झाली. नऊ लाखांवर पोरं बसली होती. आमच्या घराण्यात कुणाचा पेपर बरा गेल्याचा तो पहिला प्रसंग, आणि तोही सरकारने परत मागून घेतला.

राज्याच्या संस्था आहेत. बार्टी आहे, सारथी आहे, महाज्योती आहे. या तिघींच्या अधिछात्रवृत्तीसाठी २४ डिसेंबर २०२३ ला चाळणी परीक्षा झाली. पोरांनी पेपर उघडला तर तो सेट परीक्षेच्या २०१९ सालच्या पेपराची सही सही नक्कल. ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. आता बघा, प्रबंधात दुसऱ्याचा मजकूर दहा टक्क्यांवर गेला की यूजीसीचा २०१८ चा नियम पोराच्या मानगुटीवर बसतो. दहा टक्के! भाचा बिचारा धवल्यांची शब्दसंहिता छापायला घाबरतो, कारण दहा गावांतल्या दहा बायका एकच ओळ गातात आणि संगणक त्याला चोरी म्हणतो. पण पोरांचं नीट ऐकलंत तर त्यांना त्या पेपराचा आनंदच झाला होता. संशोधन म्हणजे जुना कागद शोधून काढणं, आणि ते त्यांनी परीक्षेच्या हॉलमध्येच करून दाखवलं होतं.

त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला होता, आणि तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं की पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार. पेपरवाले रागावले, पोरं रागावली. मला प्रश्न रास्त वाटला. आमच्याकडे वीज सारखी जाते.

शिवाय दिवे लावण्याची चौकशी रायगड जिल्ह्यात तरी जपून करावी. रोह्याच्या देशमुखांचा चिंतामण १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला आणि त्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. कशाची? संस्कृतची. कुणी विचारलं असतं की संस्कृत करून काय दिवे लावणार, तर उत्तर यायला एकतीस वर्षं लागली असती. १९४३ मध्ये तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. मध्ये केंब्रिजला जाऊन त्याने वनस्पतिशास्त्रही केलं, हे मी लपवत नाही, नाहीतर विज्ञानवाले पत्र पाठवतील. पण मेघदूत मराठीत आणलं ते काही वनस्पतिशास्त्राच्या जोरावर नव्हे. आणि गंमत पुढेच आहे. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून चिंतामणराव १९५६ साली ज्या आयोगाचे अध्यक्ष झाले, तो आयोग म्हणजेच हा, १०,००० आणि १२,००० चा तक्तावाला, यूजीसी. वडखळहून एसटीत बसलं तर रोहा काही लांब नाही. भाचा मात्र त्या आयोगापर्यंत पाच वर्षं पोचतोच आहे.

मग गाईडनी त्याला नवा रस्ता दाखवला. केंद्राने २०२३ मध्ये कायदा करून संशोधनाचं राष्ट्रीय प्रतिष्ठान काढलंय. पाच वर्षांत ५०,००० कोटी! त्यातले ३६,००० कोटी उद्योगधंद्यांतून वगैरे यायचेत, म्हणजे आमच्याकडे लग्नात आहेराच्या भरवशावर मांडव घालतात, तसं. भाच्याचे डोळे चमकले. त्याने कायदा वाचला. कला आणि समाजशास्त्रं त्यात आहेत, पण त्यांचा विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे सांधा जुळतो, तेवढीच. म्हणजे पंगतीला बसवलंय, पण पान वाढप्याच्या खुर्चीला टेकून मांडलंय.

तर सांधा जुळवायला हवा. रातोरात प्रबंधाचं नाव बदललं. आधीचं चार शब्दांचं होतं. नवं सव्वीस शब्दांचं आहे, त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता दोनदा येते आणि धवलारीण एकदाही येत नाही. तिच्या जागी डेटासेट आहे. हे तिला सांगायला भाचा खाडीपलीकडच्या गावात गेला, कारण तिच्या सहीचं संमतीपत्रही लागतं. म्हातारी ओटीवर वाल सोलत बसली होती. याने समजावलं, आत्ये, आता तुझा डेटा होणार. तिने वाल खाली ठेवले.

"डाटा? मीच?"

"हां."

"मंग माजा रिचार्ज कोन मारनार?"

मानव्यविद्यांच्या निधीबद्दल इतकं मुद्देसूद मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेलं नाही.

अर्ज गेला. उत्तर आलेलं नाही. परदेशी शिष्यवृत्ती बघ, असं कुणीतरी सुचवलं. ती भाच्याला लागू नाही, पण त्याच्या एका मित्राला होती, अनुसूचित जाती आणि इतर काही घटकांसाठीची केंद्राची. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या नियमात दुरुस्ती झाली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, भारताचा सामाजिक अभ्यास, यांतला विषय असेल तर परदेशी जायला पैसे नाहीत. म्हणजे विलायतेला जाऊन स्कॉटलंडच्या पिपाणीवाल्यावर प्रबंध लिहिला तर चालेल, कोकणातल्या धवलारणीवर नको. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी एका पोराला महिना साडेअकरा पौंड देऊन न्यूयॉर्कला पाठवलं होतं. त्या पोराने तिथे जाऊन भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आज बाबासाहेबांचा अर्ज खिडकीवरून परत आला असता, विषय भारतीय असल्यामुळे.

राहिल्या कंपन्या. कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढायचे असतात. भाचा इस्त्रीचा शर्ट घालून एका कंपनीत गेला. कुठल्या, ते विचारू नका. तिथले सीएसआरचे साहेब फार चांगले. त्यांनी एसी वाढवला, कॉफी पाजली आणि परिशिष्ट सात उघडून दाखवलं. संशोधनाला पैसे देता येतात, पण ते विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांतल्या. पारंपरिक कलांच्या संवर्धनाला देता येतात, पण ते संवर्धनाला. अभ्यासाला नाही.

"मग काय करता येईल, सर?"

"आपण पन्नास धवलारणींना टी-शर्ट देऊ शकतो."

पुढे, मागे, दोन्हीकडे कंपनीचं चिन्ह. टोपी वेगळी.

भाचा घरी येऊन आडवा झाला. मग त्याने कुठूनतरी डॉ. केतकरांचं चरित्र आणलं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी सरळ मर्यादित कंपनी काढली होती आणि शेअर विकले होते, तेवीस खंड निघाले. भाच्याने माझ्यापुढे वही धरली. "मामा, पाचशेचा एक शेअर." मी धंद्याचा माणूस, मी विचारलं, डिव्हिडंड? तो म्हणाला, प्रबंधाच्या ऋणनिर्देशात नाव. मी एक घेतला. माझं नाव ग्रंथपालाच्या खाली आणि झेरॉक्सवाल्याच्या वर येणार आहे. झेरॉक्सवाल्याने उधारी तीन हजारांवर नेली तर तो माझ्या वर जाईल, अशी अट आहे.

हे सगळं करायला सहा वर्षांची मुदत असते. वाढवून मिळते, पण अर्ज करून. आमच्या दारातल्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं. त्याला कुणी गाईड नाही, सहामाही प्रगती अहवाल नाही, आणि दर गणपतीत मंत्री स्वतः येऊन त्याला मुदतवाढ देऊन जातात. भाच्याने महामार्गावर प्रबंध लिहायला हवा होता. साहित्य रोज नवं मिळालं असतं, आणि संपवायची घाई कुणालाच नसती.

शेवटी निधी मिळाला. कुठल्या खिडकीतून नाही, नाक्यावरच.

झालं असं की दिवाळीनंतर हळदी सुरू होतात. हळदीला पूर्वी धवलारीण असायची. भटजीवाचून अडत नसे, तिच्यावाचून अडायचं. मांडवात तांदळाच्या सुपापाशी बसून ती देवांना बोलवायची, पितरांना बोलवायची, नवऱ्या मुलाच्या मामाला टोमणा मारायची आणि मग हळद लागायची. आता हळदीला डीजे असतो. दहा फुटी भिंत, पाण्याच्या कळशीत लाटा येतात. धवलारीण अजूनही बोलावतात. ती येते, सुपापाशी बसते, गाते. ती गाते हे तिचे ओठ हलतात त्यावरून कळतं. भाच्याच्या फोनमध्ये अशा तेरा हळदींचं ध्वनिमुद्रण आहे, आणि तेराही ठिकाणी नीट ऐकू येतं ते एकच, कोळीगीतांचं रिमिक्स.

तर अशाच एका हळदीत डीजेवाल्याने याला विचारलं, "नुसता उभा राहतोस रोज, लाइट धरशील का?" तोच आता भाच्याचा अनुदान आयोग. रात्रीचे बाराशे रुपये आणि जेवण. अर्ज नाही, जातीचा दाखला नाही, नॉन-क्रिमीलेअर नाही, विषय भारतीय असला तरी हरकत नाही. पैसे त्याच रात्री रोख. धवलारणीचा आवाज ज्याने बुडवला त्याच्याच पैशावर धवलारणीचा अभ्यास चाललाय, आणि भाचा लाजेने हे प्रस्तावनेत लिहिणार नाही, म्हणून मी इथे लिहितो.

काम सोपं आहे. गाण्याच्या ठोक्यावर शार्पी फिरवायच्या. निळी, लाल, मग पांढरी थेट नवरदेवाच्या आजीच्या डोळ्यांत.

गेल्या शनिवारी मीही गेलो होतो, शेअरहोल्डर म्हणून. रात्री साडेअकराला जनरेटर घरघरला आणि गप्प झाला. डीजे बंद, शार्पी बंद, अख्खा मांडव काळोख. पोरं ओरडली, शिट्ट्या मारल्या, मग तीही थकली. आणि सुपाच्या बाजूने आवाज आला. म्हातारी थांबलेलीच नव्हती. ती आपली गातच होती, मघापासून, तासाभरापासून, तिला डीजे बंद पडल्याचं कळलंही नसावं. पातळ, जरा नाकातला आवाज, ओळीच्या शेवटी खाली उतरणारा. मागच्या दोघी बायका ओळ उचलायच्या. भाचा काळोखात वायरींवरून धडपडत गेला आणि फोन तिच्या तोंडापाशी धरून उकिडवा बसला. अकरा मिनिटं. पाच वर्षांतलं त्याचं पहिलं स्वच्छ मुद्रण, आणि त्यात मध्येच माझा खोकला आहे, तो काढता येईल म्हणाला.

मग कुणीतरी डिझेल आणलं.

पहाटे हिशेब झाला. डीजेवाल्याने हातावर हजार ठेवले. भाच्याने विचारलं, दोनशे कसले कापले? त्याने डायरी दाखवली. व्यवस्थित माणूस आहे, कारण लिहून ठेवतो. भाच्याच्या नावापुढे पेनने लिहिलं होतं, ११ मिनिटं दिवे लावले नाहीत.