आपली बँक, आपली आडत

बागलाणच्या माणसाला दलाल ओळखायला शिकवावं लागत नाही. कांद्याचा ट्रॅक्टर बाजार समितीच्या फाटकातून आत शिरला की मालकाच्या अंगात एकदम पोलीस पाटील संचारतो. बोली मुद्दाम कोण दाबतोय, कोण कुणाकडे बघून खोकतोय, कुणाच्या खळ्यावर गेल्यावर ‘वरचा माल चांगला होता, खाली गोल्टी निघाली’ ही आरती सुरू होणार, हे त्याला वक्कल पुकारायच्या आधीच कळतं. हिशोबपट्टी तो खालून वर वाचतो. आधी हातात काय पडलं, मग हमाली, तोलाई, वाराई आणि सगळ्यात शेवटी भाव. दहा रुपयांची तफावत निघाली तर वीस रुपयांचं डिझेल जाळून परत येतो आणि ते दहा रुपये घेऊनच जातो.

हे काही उगाच आलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून कपाती जाता एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला होता. त्या चेकचं छायाचित्र सगळ्या देशाने पाहिलं. आपल्याकडे तर उलटी पट्टी हा प्रकार पोरांनासुद्धा माहीत आहे. म्हणजे माल द्यायचा आणि वर खिशातून पैसेही भरायचे. जुलै २०१६ मध्ये सरकारने भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई आणि लेव्ही कुणाच्या पट्टीतून कापायची यावरून नाशिक जिल्ह्यातले लिलाव पुन्हा ठप्प झाले. चाळीत कांदा सडला तरी चालेल, पण शेकडा किती कापता ते आधी बोला, असा आपला बाणा.

हाच बाणेदार माणूस शेअर घ्यायला निघाला की कुठे जातो? बँकेत. आणि तिथे शेकडा किती कापता, हे तो विचारत नाही.

उदाहरणार्थ आप्पा. आप्पांना शोधायची गरज नाही, बागलाणच्या सटाण्यात गल्लीला एक असतो. डाळिंबाच्या बागेत बरे पैसे झालेले, तेल्या रोग यायच्या आत ते कुठे तरी लावून टाकावेत अशी इच्छा. पासबुक छापायला गेले होते. छपाईचं मशीन नेहमीप्रमाणे बंद होतं, म्हणून आतल्या केबिनमधल्या तरुणाने त्यांना खुर्ची दिली. बँकेत खुर्ची मिळणं ही साधी गोष्ट नाही. पाणीही आलं. मग तरुण म्हणाला, “काका, पैसे बचत खात्यात नुसते पडून आहेत.” आप्पांना गहिवरून आलं. घरच्या कुणालाही त्यांच्या पैशांची इतकी काळजी नव्हती. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, दुसरीकडे चौकशी तरी करायची होती. त्यावर आप्पांचं अहिराणीतलं एकच उत्तर: “आरे, आपली बँक शे ना ती!”

आपली का? तर वडिलांचं पीककर्ज तिथलं, आईच्या पाटल्या तिथे तारण होत्या आणि नोटबंदीत रांग लावली तीही तिथेच. माणूस जिथे जास्त वेळ ताटकळला ती जागा त्याला आपली वाटू लागते.

तर तरुणाने आप्पांना सुचवलं ते थ्री-इन-वन खातं. बचत खातं, डिमॅट खातं आणि सौदे करायचं खातं, तिन्ही एका माळेत. ही सोय जुनी आहे. आयसीआयसीआय आणि एचडीएफसी या दोघांच्याही दलाली कंपन्यांचं हे दुकान २००० सालच्या आसपास उभं राहिलं आणि मागोमाग बहुतेक मोठ्या बँकांनी आपापली पाटी लावली. सोय खरीच आहे, ते मी नाकारत नाही. पैसे सौदा होईपर्यंत तुमच्याच बचत खात्यात राहतात, त्यावर व्याज चालू राहतं, दलालाच्या खात्यात आधी रक्कम पाठवून बसावं लागत नाही. शेअर बाजाराच्या नियामकाला, सेबीलाही, ही कल्पना पटलेली आहे; फेब्रुवारी २०२५ पासून मोठ्या दलालांना सांगण्यात आलं की एक तर गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्याच खात्यात राखून ठेवायची यूपीआयची सोय द्या, नाही तर थ्री-इन-वन द्या. आप्पांची माळ वाईट नव्हती. तिचा भाव विचारला नाही, एवढंच.

कागदपत्रांचा सोहळा मात्र डोळ्यांत साठवण्यासारखा असतो. फॉर्म जाडजूड. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने छोट्या फुल्या. तरुण पान उलटतो, बोट ठेवतो, म्हणतो, “इथे, इथे आणि इथे.” आप्पा सही करतात. मजकूर इतका बारीक की तो वाचायला द्राक्षमण्याचा व्यास मोजणारा माणूस बोलवावा. त्यातच एक कागद असतो, तो दलालाला तुमच्या डिमॅटमधले शेअर सौद्यापोटी परस्पर काढून द्यायची मुभा देतो. पूर्वी त्याला सरळ मुखत्यारपत्र म्हणत. २०२२ पासून सेबीने त्याची व्याप्ती आवळून डीडीपीआय नावाचा बारका कागद आणला आणि तोही ऐच्छिक ठेवला. ऐच्छिक हे आप्पांना कोण सांगणार? ज्या माणसाने अर्ध्या गुंठ्याच्या बांधापायी सख्ख्या भावाशी बारा वर्षं दिवाणी कोर्टात काढली, आजारी असतानाही पुतण्याला मुखत्यारपत्र दिलं नाही, त्याने मागच्याच महिन्यात बदलून आलेल्या पोराला तीन फुल्यांवर ते देऊन टाकलं. कारण पोराने पाणी विचारलं होतं.

आता पट्टीकडे येऊ. तिला या बाजारात कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणतात. ती ईमेलवर येते, पीडीएफमध्ये येते आणि तिला पासवर्डचं कुलूप असतं. बहुधा पॅन क्रमांकच, पण तो मोठ्या लिपीत टाकायचा की छोट्या, यावर आप्पांचे पहिले दोन महिने गेले. बँकांच्या दलाली शाखांचा शेअर विकत घेऊन ठेवण्याचा जुना रिवाज साधारण अर्धा टक्का. एक लाखाची खरेदी धरा. दलाली ५०० रुपये. सरकारचा व्यवहार कर शेकडा दहा पैसे, म्हणजे १०० रुपये. मुद्रांक १५ रुपये. शेअर बाजाराचं शुल्क ३ रुपयांच्या आसपास. दलाली आणि शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये आणि वर थोडी चिल्लर. सगळ्या बाजारावर राखण करणाऱ्या सेबीचा वाटा किती? कोटीला १० रुपये, म्हणजे आपल्या लाखावर १० पैसे. बेरीज ७०८ रुपये. विकायला गेलात की दलाली पुन्हा, कर पुन्हा, जीएसटी पुन्हा आणि डिमॅटमधून शेअर उचलल्याची हमाली वेगळी. आडत दोन्ही बाजूंनी, आणि ती देणारा एकच माणूस. बाजार समितीत असं झालं असतं तर आप्पांनी मालेगाव रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा घातला असता.

याच खरेदीला बिनशाखेचे, नुसत्या अ‍ॅपवर चालणारे दलाल एक तर काहीच दलाली घेत नाहीत किंवा वीसेक रुपयांवर भागवतात. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांतल्या झिरोधाने शेअर घेऊन ठेवण्यावरची दलाली शून्य केली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण बातमी सटाण्याला पोचायला वेळ लागतो. वाटेत चांदवडचा घाट आहे.

“पण सुरक्षितता?” आप्पा विचारतात. रास्त प्रश्न आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या कार्वीचं बिंग फुटलं, तेव्हा दलालाने गिऱ्हाइकांचे सुमारे २,३०० कोटी रुपयांचे शेअर स्वतःच्या कर्जापोटी गहाण टाकल्याचं उघड झालं. त्या धसक्याने अनेकांनी बँकेची पायरी धरली. गंमत अशी की तुमचे शेअर बँकेच्या तिजोरीत नसतातच. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात, दलाल कुणीही असो. पहिली १९९६ पासून आहे, दुसरी १९९९ पासून. खातं हललं की त्या स्वतः एसएमएस पाठवतात. आप्पा ते एसएमएस लोनच्या जाहिराती समजून पुसतात. बँकेच्या ठेवीला जो पाच लाखांपर्यंत विमा आहे, तोही शेअरला लागू नाही. तरी आप्पांच्या मनात त्यांचे शेअर शाखेतल्या त्या लोखंडी दरवाजामागे, आईच्या पाटल्यांशेजारी ठेवलेले आहेत आणि बाहेर बंदूकवाला म्हातारा वॉचमन त्यांनाच जपतो आहे.

यात आप्पांचा एकट्याचा दोष नाही. सटाण्याचं खजिन्याशी नातंच वेगळं. १८७०-७१ च्या दुष्काळात इथल्या मामलेदारांनी, यशवंतराव महाराजांनी, सरकारी खजिना उघडून सव्वा लाखावर रुपये उपाशी रयतेला वाटले. वरून तपासणी आली आणि खजिना मोजला तर पैन् पै जागेवर, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. त्यांचं देऊळ आहे, यात्रा भरते, देवमामलेदार म्हणून आम्ही त्यांना पुजतो. कचेरीत बसलेल्या माणसाला देव मानणारं गाव देशात क्वचितच असेल. त्यामुळे टेबलामागचा माणूस आपल्याच भल्यासाठी बसलाय, ही समजूत आमच्या पाण्यात आहे. फक्त यशवंतराव महाराजांना महिनाअखेरचं टार्गेट नव्हतं.

टार्गेटचं म्हणाल तर शेअर हे त्यात सगळ्यात बापुडं. खरी मलई म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर योजनेत. तोच फंड, तेच शेअर, तोच व्यवस्थापक. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजनाही आहे, तिच्यात मधल्याचं कमिशन नाही. रेग्युलरमध्ये ते तुम्ही पैसे ठेवाल तितकी वर्षं कापलं जातं आणि सौद्याच्या पट्टीवर दिसत नाही. फंडाच्या भावातूनच गुपचूप वजा होतं. हमाली दिसते म्हणून भांडता येतं. न दिसणाऱ्या हमालीशी कोण भांडणार?

आणि बँक तुम्हाला विसरते, असं तर मुळीच समजू नका. मार्च २०२४ मध्ये आयसीआयसीआय सिक्युरिटीज ही दलाली कंपनी शेअर बाजारातून काढून पूर्णपणे मूळ बँकेच्या मालकीची करायचा ठराव भागधारकांपुढे होता. १०० शेअरच्या बदल्यात बँकेचे ६७. त्या वेळी बँकेच्या कर्मचाऱ्यांनी भागधारकांशी संपर्क साधून मतदानाचा आग्रह धरला, अशा तक्रारी झाल्या. जून २०२४ मध्ये सेबीने बँकेला या प्रकरणी प्रशासकीय इशारा दिला. ठराव अर्थातच मंजूर झाला होता आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी बाजारातून उतरलीही. निवडणुकीत मतदाराच्या दारात येणारे लोक आम्ही पाहिले आहेत. चेकबुक मागितलं तर ‘पोस्टाने येईल’ म्हणणारी यंत्रणा मतासाठी आपणहून फोन करते, हे लोकशाहीचं नवं यश.

एवढं वाचून आप्पांचा भाचा खूश होईल. तो देवळ्याला असतो, सगळं फोनवर करतो आणि मामांच्या अर्ध्या टक्क्यावर मनमुराद हसतो. त्याची दलाली जवळपास फुकट, म्हणून तो दिवसाला चाळीस सौदे करतो. तेही शेअरचे नव्हे, ऑप्शनचे. चहाच्या टपरीवर बसून निफ्टीला शिव्या घालतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशोब मांडला: तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये हात घालणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. भाचा म्हणतो, उरलेले सात म्हणजे मी. टपरीवरचे बाकीचे सहाही तेच म्हणतात.

इथे आप्पांना एक गुण द्यावा लागतो. दलाली खुपते म्हणून नव्हे, तर पासवर्ड आठवत नाही म्हणून ते वर्षाला दोनच सौदे करतात. घेतलेले शेअर विकायचे कसे, हे त्यांना अजून सापडलेलं नाही. त्या अडाणीपणावर त्यांचे पैसे वाढले. बँकेच्या सेवेचा हा एक फायदा कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत: ती इतकी गैरसोयीची असते की माणूस आपोआप दीर्घकालीन गुंतवणूकदार होतो.

परवा मात्र मुलाने कॉन्ट्रॅक्ट नोट कागदावर छापून हातात दिली. कागदावर आली की पट्टी ही पट्टीच दिसते. आप्पा तडक शाखेत गेले. जुना तरुण बदलून नांदगावला गेलेला, नवा हसतमुख.

“हे पाचशे कशाचे?”

“ब्रोकरेज, काका.”

“कमी होत नाही?”

“होतं ना. फ्लॅट प्लॅन आहे. सौद्याला वीस रुपये.”

“कधीपासून आहे?”

“झाले की बरेच दिवस.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत, काका.”

नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी स्टेट बँकेच्याच व्यासपीठावरून गळ्यात मारल्या जाणाऱ्या विम्याबद्दल बँकांचे कान टोचले होते. ती बातमीही बहुधा चांदवडच्या घाटातच अडकली असावी. कारण तरुणाने ड्रॉवर उघडला, प्लॅन बदलायचा अर्ज काढला, पेन्सिलीने तीन फुल्या केल्या आणि म्हणाला, “इथे, इथे आणि इथे.”

“प्लॅन बदलायला तीन सह्या?” आप्पांनी चष्मा वर केला.

“दोन प्लॅनच्या. तिसरी पॉलिसीची, काका. एफडीसारखीच आहे. हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप जाईल, तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. पाणी घेणार?”