मार्गशीर्षातला गुरुवार

कन्येच्या विवाहाच्या कामांची वाटणी झाली तेव्हा भोजन, आहेर, मानपान इत्यादी जबाबदारीच्या सर्व खात्यांतून मला सन्मानपूर्वक वगळण्यात आले, आणि ‘यांना फुलांतलं कळतं’ एवढ्या एका सबबीवर हार, वेण्या, गजरे यांची मुखत्यारी माझ्या गळ्यात पडली. सबब सर्वस्वी निराधार होती असे नाही. बकुळ, प्राजक्त आणि बहावा यांवर मी दिवाळी अंकांतून पूर्वी पुष्कळ उसासे टाकलेले आहेत. परंतु ज्या फुलावर लेख चालतो ते फूल लग्नात चालत नाही, ही गोष्ट मला अद्याप कळावयाची होती.

घरातून निघतानाच माझ्यापाशी दोन परस्परविरुद्ध हुकूम होते. मुलीस ऑर्किड हवे होते, आणि तेही ‘पेस्टल’. मातोश्रींचा दंडक असा की, विलायती फूल मांडवात दिसता कामा नये, झेंडू, शेवंती, निशिगंध ही आपली फुले काय कुठे गेली आहेत? झेंडू आणि निशिगंध हे दोघेही मूळचे मेक्सिकोचे रहिवासी, शेवंती चीनची, आणि उलटपक्षी सह्याद्रीतल्या झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी ही ऑर्किडाच्याच कुळातली, अशी सप्रमाण कैफियत मी मनाशी तयार केली होती. पण आईला तिच्या देवघरातला झेंडू परदेशी असल्याचे सांगण्याचे धैर्य तेव्हा मला झाले नाही, आणि आजतागायत झालेले नाही.

पुण्याच्या मंडईस महात्मा फुले यांचे नाव आहे. त्यांच्या घराण्याचे मूळचे आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून ते फुले झाले. पुरविणाऱ्याचे आडनाव जर असे बदलते, तर विकत घेणाऱ्या वधूपित्याचे ‘उधारे’ होण्यास कायद्याची हरकत नसावी, हे मला पुढे हिशेबाची याद हाती आल्यावर सुचले.

मंडईजवळचे ते फुलवाले ओल्या गोणपाटावर मांडी घालून हार ओवीत बसले होते. डोळे रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाकडे, कान माझ्याकडे, आणि बोटे मात्र या दोहोंशी काही संबंध नसल्यासारखी समोरच्या ढिगातली एकेक कळी उचलून लांब सुईत सरकवीत होती.

“निशिगंधाचे दोन हार,” मी म्हणालो.

“गुलछडी म्हणा. निशिगंध पुस्तकात.”

मी गुलछडी म्हणालो. मग मुलीची इच्छा सांगितली. ‘पेस्टल’ या शब्दावर त्यांनी किंचित विचार केला. “म्हणजे फिका रंग. साहेब, फिक्या रंगाला पैसे गडद पडतात.” ऑर्किडाच्या फक्त चार काड्या वधूच्या वेणीत, आणि त्याही मातोश्रींच्या दृष्टीस सहसा पडणार नाहीत अशा बाजूस, असा तह होऊन प्रकरण मोगऱ्याच्या साठ गजऱ्यांवर आले.

“तारीख?” मी सांगितली.

“वार?”

“गुरुवार.”

सुई थांबली. इतका वेळ रस्त्याकडे असलेले डोळे प्रथमच माझ्याकडे वळले, आणि त्यांत दयेची छटा होती.

“मार्गशीर्षातला?”

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघर महालक्ष्मीचा घट बसतो, शेवंतीपासून वेणीपर्यंत सारा बाजार त्या घटापुढे जाऊन उभा राहतो, आणि मोगरा तर उन्हाळ्याचा बादशहा. थंडीत त्याची कळी मिळाली तर नशीब, हे सर्व त्यांनी मला, मंद बुद्धीच्या पण होतकरू विद्यार्थ्यास समजवावे तशा सुरात समजावले. शेवटी म्हणाले, “गुरुजींनी ग्रह बघितले, बाजार नाही बघितला.” मी निमूटपणे इसार दिला.

लग्नाच्या दिवशी हार वेळेवर आले. (या वाक्यास किती महत्त्व आहे, हे वधूपिते जाणतील.) ते इतके भरगच्च होते की जावईबापूंची मान जी खाली गेली, ती उपस्थितांनी नम्रतेच्या खाती जमा केली. साठ गजरेही मोजून आले. विहीणबाईंनी मोगऱ्याच्या सुवासाची तोंडभर स्तुती केली, व्याह्यांनी तिला दुजोरा दिला, आणि मी संकोचाने हात जोडले. एवढ्यात आईने आपल्या वाट्याचा गजरा नाकाशी नेला, एकवार हुंगला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “अरे, हा कागडा आहे!”

कागडा दिसतो शुभ्र, थंडीत मुबलक येतो, आणि त्यास वास असा जवळजवळ नसतोच. विहीणबाई नंतर सुवासाविषयी काही बोलल्या नाहीत. हारांचे म्हणाल, तर गळ्यात पडल्यापासून खुर्चीच्या पाठीवर जाईपर्यंत त्यांना अकरा मिनिटे लागली. मी घड्याळ लावून पाहिले.

दुसऱ्या दिवशी बाकी रक्कम चुकती करण्यास गेलो, ते जाब विचारण्याच्या तयारीनेच. फुलवाल्यांनी नोटा दोनदा मोजल्या.

“मोगरा तुम्ही सांगितलात साहेब, कागडा थंडीनं दिला,” ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवता ओवता पुढे: “धाकटीचं ठरवाल तेव्हा आधी माझ्याकडं या. गुरुजींकडं मागनं जा.”